कवाड उघडं असताना

काशी माझ्या आराखड्यात नव्हती.

तो आराखडा मी नववीत मांडला होता. तेव्हा शाळेत चित्रकलेसारखाच आयुष्यरेखनाचाही तास असायचा. माणसं शंभरी सहज ओलांडायला लागली होती, आणि एवढं लांबलचक आयुष्य एकाच कामात काढायचं म्हणजे एकाच साडीवर सगळ्या घरची लग्नं उरकण्यासारखं आहे, असं आमच्या बाई म्हणायच्या. पस्तिशीपर्यंत पोटापाण्याचं, मग मनाचं, आणि पंचावन्नच्या पुढचं त्या वेळी बघू, असे ढोबळ भाग सगळेच पाडायचे. माझ्या पहिल्या भागात विम्याची नोकरी होती, दुसऱ्यात जवारी. मूल चाळिशीत, सगळ्यांचं असतं तसं.

काशी माझ्या तेहतिसाव्या वर्षीच आली. कराडच्या आमच्या सोसायटीतल्या बायका हळहळल्या. इतक्या लवकर कसं काय, शिकायचं राहूनच गेलं असेल ना, असं लिफ्टमध्ये विचारून गेल्या. बारशाला आलेल्या एका काकूंनी तर पाळण्यापेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ बघितलं. नाव शर्विलने, माझ्या नवऱ्याने ठेवलं. पणजीच्या काळातली नावं पुन्हा निघाली होती. पाळणाघरात दोन गंगा आणि एक द्वारका आधीच होत्या.

जवारीचं वेड शाळेच्या सहलीतलं. मिरजेला तंतुवाद्यांच्या कारखान्यात नेलं होतं आम्हाला. कारागिराने नव्या तानपुऱ्याची तार छेडली, ती ठक्क वाजून विझली. मग त्याने तारेखालची घोडी कानशीने जेमतेम घासली, पुन्हा छेडली, आणि तोच स्वर इतका वेळ हवेत राहिला की आमचा वर्ग आपणहून गप्प झाला. घोडीला अगदी थोडी गोलाई दिली की तार तिला निसटता स्पर्श करत राहते आणि त्यातून झंकार उठतो. तीच जवारी. ती काढणारी यंत्रंही आता आहेत. पण गाणारा माणूस समोर बसवून, त्याच्या गळ्याला जुळेल अशी ती काढायला माणसाचाच कान लागतो. तो कान लहानपणापासून घडावा लागतो, आणि माझं लहानपण तर केव्हाच संपलं होतं.

म्हणून कवाड. इंजेक्शनचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, लोक कवाडच म्हणतात.

लहान मूल तीन भाषा खेळता खेळता उचलतं आणि आपण एक शिकताना घाम गाळतो, याचं कारण मेंदूतल्या एका जाळ्यात आहे. एखादी गोष्ट येऊ लागली की त्या कामाच्या पेशींभोवती साखर आणि प्रथिनांचं बारीक जाळं विणलं जातं, रोपाभोवती कुंपण घालावं तसं. शिकलेलं त्यामुळे टिकतं, पण नवं सहजासहजी आत येत नाही. इंजेक्शन हे जाळं मेंदूच्या हव्या त्या भागात विरघळवतं. पाच महिने तो भाग पुन्हा बाळाचा होतो. मग जाळं परत विणलं जातं, तोवर जे आत आलं असेल ते धरून. पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचावन्ननंतर एकदा, एवढंच ते शरीराला सोसतं. मधल्या वर्षांत जाळं फार चिवट असतं. सोडवायला गेलं तर जुनंही उसवतं.

यात एकच गोम आहे. उघडा मेंदू निवड करत नाही. जे सगळ्यात जास्त समोर असेल, जे सगळ्यात जवळचं असेल, ते तो पिऊन घेतो. म्हणून शिकणारी माणसं केंद्रात राहतात. भेटी बंद, फोन बंद. आणि तान्ह्या मुलाची तर सावलीही नको, कारण माणसाच्या मेंदूला मुलापेक्षा जास्त खेचणारं दुसरं काही नाही.

मला पस्तीस पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते. काशी दहा महिन्यांची होती.

घरात हा विषय सासूबाईंनीच काढला. त्यांचं नाव अश्विनी, मी त्यांना आई म्हणते. त्यांनी स्वतःचं कवाड साठीला उघडलं होतं. तोवर गुडघाभर पाण्याला भिणारी बाई आता कोयनेच्या पूरपथकात आहे, आणि कपाटात साड्यांपेक्षा पोहण्याचे पोशाख जास्त आहेत. ऑनलाइन कपडे मागवण्यात ज्यांची तरुणपणं गेली, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवणार, असं त्या आपल्या पिढीबद्दल हसत म्हणतात.

"जा तू," त्या म्हणाल्या. "मी आहे, शर्विल आहे. पोर काही पाण्यात पडत नाही. आणि पडलीच तर काढीन."

शर्विलने घरून काम करायचं ठरवून टाकलं. तू परत येशील तेव्हा ती चालत असेल, एवढंच तो एकदा भांडी विसळताना म्हणाला. औषध दुधातून उतरतं म्हणून मी अंगावरचं दूध तोडलं. ते दिवस मी सांगत नाही.

मिरजेच्या केंद्रात आम्हाला शिकवायला रुबीना मुल्ला होत्या. वीस वर्षं सांगलीत वाहतूक पोलिसात काढून, पंचावन्नला कवाड उघडून जवारीत आलेल्या. आवाज अजून चौकातलाच. पहिल्या दिवशी मी तानपुऱ्याकडे टक लावून बसले तर म्हणाल्या, "ऐकायला आलीयस का बघायला? डोळे मीट की." चौकात उभ्या असताना त्या हॉर्न ऐकून ड्रायव्हरचा स्वभाव सांगायच्या म्हणे. हे त्याहून सोपं आहे, असं त्यांचं मत होतं.

कवाड उघडल्यावर काय वाटतं, हे मला बरेच जण विचारतात. पहिला आठवडा नुसता गोंगाट. पंख्याचा, नळाचा, शेजारच्या खोलीतल्या चपलांचा आवाज थेट आत येऊन बसतो, दार वाजवत नाही. मग हळूहळू फक्त तार उरते. सकाळी जे ऐकलं ते दुपारी बोटांत उतरलेलं असतं. कानस हातात जन्मापासून असावी तशी फिरते. चुकलं तर वाईटही वाटत नाही. रांगणारं मूल आपटलं म्हणून शरमतं थोडंच.

आठवड्यातून एकदा घरचा निरोप केंद्रातली एक बाई सपाट आवाजात सांगायची. बरी आहे. दोन दात आले. उभी राहते. मी ऐकायचे आणि पुन्हा तारेकडे वळायचे, आणि खरं सांगते, वळता यायचं. मला कामात सुख होतं. दसरा झाल्यावर मी काढलेली एक जवारी रुबीनामॅडमनी तीनदा छेडून ऐकली. अशीच राहिलीस तर पहिल्या फळीत जाशील, म्हणाल्या. पहिली फळी म्हणजे मैफलीत गाणाऱ्यांना समोर बसवून वाद्य जुळवणारे कारागीर. दुसरी फळी शाळांची आणि घरगुती वाद्यं करते. शेवटचे सहा आठवडे बारीक कामाचे असतात, आणि कोण कुठल्या फळीत जाणार ते तिथेच ठरतं.

दिवाळीला घरून फराळाचा डबा आला. खाण्याला बंदी नव्हती. चकल्या, शंकरपाळे, आणि लिंबाच्या गोड लोणच्याची काचेची बरणी. ती फुटू नये म्हणून दुपट्यात गुंडाळलेली होती. काशीच्या दुपट्यात.

आपल्याकडे जुनं दुपटं म्हणजे गुंडाळायचं कापड. बरणी असो, देवाची समई असो, हात आपोआप तिकडेच जातो. आईंना केंद्राचे नियम माझ्याहून चांगले पाठ होते, पण लोणचं बांधताना त्यांच्या हाताला ते नियम ठाऊक नव्हते. दुपटं धुतलेलं होतं. तरी त्यात धुरीचा वास होता, वेखंडाचा होता, आणि या सगळ्याच्या खाली काशीच्या मानेच्या वळीतला तो किंचित आंबूस वास.

मी ते परत करायला हवं होतं. मी ते उशीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हात चालेना. तार छेडायचे आणि तिच्या आवाजाच्या मागे दुसरंच काहीतरी ऐकायचा प्रयत्न करायचे, शेजारच्या खोलीत कुणी उठलं का, असं. तिसऱ्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टर धनावडेंनी मला बोलावलं. माझ्या मेंदूचा आलेख त्यांच्यासमोर होता. वासाला मेंदूत फारशी दारं लागत नाहीत, त्या म्हणाल्या, तो सरळ आठवणीत शिरतो, आणि तुमचं तर कुंपणच काढलेलं आहे. त्यांनी घरी फोन लावून विचारलंही. पलीकडून आईंचा आवाज इतका पडला होता की डॉक्टरच त्यांची समजूत काढत बसल्या.

काही बिघडलेलं नव्हतं. आठ दिवस शांत राहा, दुपटं इथे द्या, पुन्हा तार आत बसेल, असं त्या मला म्हणाल्या.

मी विचारलं, "काशीचंही कवाड उघडंच आहे ना आत्ता?"

"तिचं कितीतरी वर्षं उघडं राहणार आहे. तिची काळजी करू नका. जी माणसं समोर आहेत ती तिने धरली आहेत. छान वाढतेय ती."

"आणि माझं?"

डॉक्टरांनी आलेख बाजूला सरकवला. "तुमचं बंद होईल तेव्हा त्यात जवारी असेल. काशीची माया कुठे जात नाही. फक्त आत्ताची काशी तुम्हाला नंतर शिकून घ्यावी लागेल. मोठी माणसं शिकतात तशी, हळूहळू."

मी खोलीवर आले. मोठी माणसं कशी शिकतात ते मला माहीत होतं. विमा कंपनीत मी बारा वर्षं तशीच शिकले होते. साडेतीन महिन्यांत मला दुसरं शिकणं कळलं होतं, आणि पंचावन्नपर्यंत ते माझ्या वाट्याला आणखी सहाच आठवडे होतं. ते कुणावर खर्चायचं, एवढाच प्रश्न होता. तार तर पंचावन्नलाही तीच असणार होती.

रुबीनामॅडम घोडी घासत होत्या. उरलेले सहा आठवडे घरी काशीजवळ काढायचे ठरवलंय, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"लोक इथे घर विसरायला येतात. तू आठवायला आलीस होय."

मी म्हटलं, तसंच दिसतंय.

"पहिली फळी जाईल."

"माहितीये."

"नंतर रडत येऊ नकोस माझ्याकडे. मी पोलिसात होते, मला रडण्याचं काही वाटत नाही." त्यांनी घोडीवरची भुकटी फुंकली. "घरी कान कशाने भरेल ठाऊक आहे ना? रडणं, कुकर, आणि सासूचे फोन."

"भरू दे."

मग त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं, लायसन्स तपासावं तसं. "पंचावन्नला परत ये," म्हणाल्या. "तोवर मी ब्याऐंशीची होईन. तेव्हा चित्रं काढत असेन बहुतेक. इंजेक्शनाशिवाय. वाईट निघतील, पण काढीन." आणि आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या फळीच्या कामाला येणार असशील तर जागा धरून ठेवते, हे त्यांनी मी दारात पोचल्यावर पाठीमागून सांगितलं.

केंद्राने मला सोडलं, पण एक अट घालून. घरात कुणी बोबडं बोलायचं नाही. ऐकण्याचा भाग उघडा आहे, जिभेचा त्याला लागूनच. बोबडं आत गेलं तर जन्मभर तसंच बोलाल, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी पोचले तेव्हा काशी आईंच्या पायामागे उभी होती, त्यांची ट्रॅकपँट मुठीत धरून. रडली नाही. पार्सलवाल्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली, आणि माझ्या हातात काही नाही हे कळल्यावर आत निघून गेली. चालत. डावा पाय जरा जास्त आपटत.

मी बॅग खाली ठेवली आणि तो आवाज ऐकत दारातच बसले. दोनदा हलका, एकदा जड, मग थांबून भिंतीला हात. तो मला त्याच क्षणी आला, पाढा येतो तसा. शर्विलने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी जमिनीवरच बसला. थोड्या वेळाने म्हणाला, बरं झालं आलीस.

आई माझ्याकडे बघत नव्हत्या. दुपट्याचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही बरणी वर्तमानपत्रात गुंडाळली असतीत तर मी आत्ता मिरजेत असते. काशी चालताना मला दिसली नसती." त्यावर त्या, लोणचं तरी खाल्लंस का, एवढंच म्हणाल्या. आवाज मात्र जागेवर आला.

त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात जे मराठी बोललं गेलं ते कुठल्याच घरात बोललं गेलं नसेल. इतके महिने शोना-बाळा करणारे हे दोघे एकदम शुद्धीवर आले. "काशीबाई, कृपया नाकातून बोट काढावं," असं आई गंभीरपणे सांगायच्या आणि काशी दुसरं बोट घालायची. शर्विल तर तिला जेवताना दौऱ्यावर आलेल्या मंत्र्यासारखं वागवायचा. भाताचा पुढील घास आपल्या सेवेत सादर आहे, म्हणायचा. मी हसू दाबायचे, कारण हसणंही आत जाऊन बसेल की काय असं वाटायचं. बसलंच असेल. बसू दे.

मी काहीच करत नव्हते, फक्त जमिनीवर असायचे. ती कुठे बघते तिकडे बघायचे. तिची झोप कधी पातळ होते, शिंकेआधी श्वास कसा अडखळतो, भुकेचं रडणं वरून खाली येतं आणि कंटाळ्याचं एकाच जागी कसं रेंगाळतं, हे सगळं मला न शिकवता आलं. माझी बोटं कानशीवर तयार झाली होती. ती तिच्या केसांतला गुंता न दुखवता सोडवू लागली. तीही मला न्याहाळत होती. आधी लांबून. मग तिने मला एक चमचा आणून दिला आणि लगेच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दिला आणि थोडा वेळ माझ्याकडे राहू दिला. दोन उघडी कवाडं समोरासमोर होती, आणि घाई कुणालाच नव्हती.

याच दिवसांत आई नदीवर जास्त वेळ राहू लागल्या. पूर नाही, सराव नाही, तरी सकाळच्या जायच्या ते उन्हं वर आल्यावर यायच्या. आल्यावर काशी धावत जाऊन त्यांना बिलगायची, आणि त्या मात्र तिला हळूच माझ्याकडे वळवायच्या. एकदा वळवताना त्यांचा हात मी बघितला. तो वळवत होता आणि धरतही होता.

मी म्हटलं, "आई, तुम्ही जाऊ नका ना अशा."

"तुझे दिवस मोजके आहेत. मी मध्ये कशाला?"

"तुम्ही नसलात की ती दाराकडे बघत बसते. मग मीही तेच शिकते."

दुसऱ्या दिवशी त्या लवकर परतल्या आणि ओल्या केसांनीच आमच्यात येऊन बसल्या.

कवाड नेमकं कधी बंद झालं ते कळलं नाही. डिसेंबरात एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि ती नुसती शिट्टी होती, एवढंच. मी स्वयंपाकघरात उभी राहून बघितलं, वाईट वाटतंय का. थोडं वाटलं. पहिल्या फळीतल्या माझ्याबरोबरच्या मुलीने एका मोठ्या गायिकेचा तानपुरा जुळवला, हे त्याच आठवड्यात कळलं होतं. तिचा मला हेवा वाटला आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

आता मी आठवड्यातून दोन दिवस मिरजेला जाते. शाळांचे तानपुरे करते. माझी जवारी साधी असते, पण खुली असते; मुलांच्या गळ्याला तेवढी पुरते, असं रुबीनामॅडमचं म्हणणं. उरलेलं काम घरी आणते.

परवा खिडकीत बसून एका शाळेच्या तानपुऱ्याची घोडी घासत होते. काशी आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ओवी."

माझं नाव. घरात सगळे मला याच नावाने हाक मारतात, शर्विलही, आईही.

"ओवी काय गं," आई आतून लगबगीने आल्या. "आई म्हण. आ-ई."

काशीने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "आई." शर्विल त्यांना म्हणतो, मी त्यांना म्हणते, मग ती तरी दुसरं काय म्हणणार? मग तिने तेच बोट माझ्या गालाला लावलं आणि पुन्हा, अगदी सावकाश, आईंना समजावं म्हणून म्हणाली, "ओवी."

आईंचा चेहरा कसानुसा झाला. अगं, मी शिकवते तिला, चार दिवसांत म्हणेल, असं त्या मला सांगायला लागल्या. त्यांना वाटलं, मला लागलं असेल.

मला काहीच लागलं नव्हतं. आई हा शब्द तिला घरात आयता मिळाला होता. ओवी तिने लांबून बघून, चमचा देऊन, परत घेऊन, एकेक दिवस करून मिळवली होती. आणि हाक वरून उतरत बरोबर त्या स्वरावर येऊन थांबली होती जो मी त्या तारेत सकाळपासून शोधत होते. एवढं ओळखण्याइतका कान माझ्याकडे नक्की होता.

"राहू द्या, आई," मी म्हटलं, आणि काशीला विचारलं, "काय गं?"

तिला काही सांगायचं नव्हतं. मी ओ देते का, एवढंच बघायचं होतं. ते बघून झाल्यावर ती डावा पाय आपटत निघून गेली, आणि मी तार छेडली.